जरीचं वस्त्र

"मुलगी शिकली पाहिजे, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो," हाजी दराहमान माइकवरून सांगत होता, आणि व्यासपीठावर बसलेली त्याची मुलगी हलिजा ते ऐकत होती.

केलांतान प्रांतातल्या त्या गावातून मुख्याध्यापिका झालेली हलिजा पहिलीच. सत्काराला सगळा गाव लोटला होता आणि गावप्रमुखांनी मानाच्या खुर्चीवर तिच्या बापाला बसवलं होतं. याच बापाने ती बारा वर्षांची असताना तिची पुस्तकं चुलीत घातली होती. "लिहायला शिकली की पोरांना चिठ्ठ्या धाडील," म्हणाला होता, आणि चाळिशी उलटलेल्या एका गुरांच्या व्यापाऱ्याशी तिची सोयरीक ठरवून मोकळा झाला होता. शुक्रवारी पुरुषमाणसं नमाजाला गेली तेव्हा आईने, केलथुमने, तिला शहरातल्या मावशीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. त्यापायी नवऱ्याने केलथुमला टाकलं. तेव्हापासून ती बाजारात मासे विकत होती.

"हलिजाबाई, हे जरीचं वस्त्र आता आपल्या हाताने वडिलांच्या खांद्यावर घाला," गावप्रमुख म्हणाले.

हलिजाने वस्त्र घेतलं. बापाने खांदा पुढे केला. त्याच्या तोंडावरचं ते तृप्त हसू बघून तिला शिसारी आली. वस्त्र घेऊन ती पायऱ्या उतरली आणि मंडपामागे गेली.

तिथे केलथुम भाताची पातेली घासत होती. तिला वर बोलवावं, हे कुणाला सुचलंही नव्हतं.

"आई, हे तुझं आहे."

"हात राखेचे आहेत माझे. डाग पडेल."

"पडू दे."

"आणि मग काय, हे पांघरून मासे विकू?"

"तो खोटं बोलतोय, आई. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी टाळ्या वाजवतायत मेले."

"वाजवू देत. टाळ्यांसाठी का तुला धाडलं होतं मी?"

हलिजाने वस्त्र बाकावर ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि एक पातेलं ओढून घेतलं. तेवढ्यात बाप मागे आला.

"फोटोवाला खोळंबलाय," तो म्हणाला.

दोघींपैकी कुणी वर पाहिलं नाही. त्याने वस्त्र उचललं, स्वतःच खांद्यावर टाकलं, घडी सारखी केली.

वाटेत खरकटं पाणी साचलं होतं. केलथुमने आपलं पातेलं बाजूला सरकवून त्याला जायला कोरडी जागा करून दिली.

हलिजाने ते पाहिलं, आणि राखेची मूठ भरून ती घासत राहिली.