सामूहिक स्थलांतर

"धाड पोलिसांची असते, बाई. किड्यांची नसते," असं म्हणत साहेबांनी पत्रकातल्या 'टोळधाड' या शब्दावर आडवी रेघ मारली.

बाई टेबलासमोर उभ्याच होत्या. साहेबांनी बसा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्या बसल्या नसत्या. या कीड-इशारा कार्यालयात पत्रकं लिहिण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. समोरच्या माणसाला खुर्चीत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. याने टोळ फक्त चित्रात पाहिला असणार, आणि ते चित्रही उलटं धरलं असणार, अशी बाईंची खात्री होती.

"मग नुसतं टोळ लिहू?"

"टोळ म्हटलं की टोळभैरव आठवतो हो! सरकारी कागदावर बरं दिसतं का ते?" साहेबांनी डोळे मिटले आणि बोटं हवेत फिरवली. "हं, लिहा. तृणभक्षी कीटकांचे सामूहिक स्थलांतर सुरू. कसं वाटतंय? घबराट नाही, काही नाही."

"साहेब, उद्या दुपारपर्यंत पोचतील ते इथं. लोकांना झाकाझाक करायला वेळ..."

"लोक शहाणे असतात, बाई. कळतं त्यांना."

उंटावरून शेळ्या हाकणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. मागच्या साहेबाने 'मेलेली अळी' खोडून 'निष्क्रिय अळी' करायला लावलं होतं. तो स्वतः तर पहिल्या दिवसापासूनच निष्क्रिय होता.

बाई जागेवर येऊन बसल्या. कार्यालयात पाठीमागे सगळे त्यांना वेलांटीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. टायपिस्टला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, रेडिओवरच्या निवेदकाला 'ळ' म्हणता येत नाही, शिपायाला चहाशिवाय दुसरं काही सुचत नाही, हे सगळं त्या मनात रोज नव्याने मोजत. माणसांना कमी लेखणं हा त्यांचा एकमेव शौक होता आणि तो त्यांनी मन लावून जोपासला होता.

सूट मिळायची ती एका माणसाला. धाकटा भाऊ शहराबाहेर रोपवाटिका चालवायचा. बाईंनी लग्न केलं नाही, त्यामुळे घरचं माणूस म्हणजे तो आणि वहिनी. दुपारी बाराला रेडिओवर पत्रक लागलं की भाऊ हातातलं काम टाकून ऐकायचा आणि शेजारच्या बागवाल्यांना सांगायचा, "आमच्या ताईनं लिहिलंय." आज सकाळीच त्याचा फोन आला होता.

"ताई, टोळांच्या धास्तीनं सगळ्या रोपांवर जाळ्या घातल्यात. पण आत उकडतंय गं. कोवळी कलमं माना टाकायला लागलीत. किती दिवस ठेवू?"

"पत्रक ऐक दुपारी. त्यात असेल ते कर," बाई म्हणाल्या होत्या.

आता टायपिस्टने नवा मसुदा आणून ठेवला. बाईंनी तो वाचला. कीटक कुठून निघाले ते नव्हतं, कुठे चालले ते नव्हतं. स्थलांतर म्हणजे येणं की जाणं, हेही त्यातून कळत नव्हतं. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं. लक्षात न यायला त्या काही साहेब नव्हत्या. 'आपल्या भागाकडे' एवढे दोनच शब्द घातले असते तर काम भागलं असतं, आणि साहेबांनी ते वाचलेही नसते.

पण बाईंनी ते घातले नाहीत. जाऊ दे असंच, त्यांनी ठरवलं. उद्या आकाश भरून टोळ येतील, पेपरवाले या शब्दाचे वाभाडे काढतील आणि साहेबाची गावभर शोभा होईल. एकदा तरी बघायला मिळू दे. भावाला फोन करावा हेही मनात येऊन गेलं. पण तो आपला भाऊ, त्याला न कळायला काय झालं, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला. मग टायपिस्टच्या 'सामुहिक'मधला मु दीर्घ केला, कोपऱ्यात सही ठोकली आणि पत्रक रेडिओकडे रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला खिडकीच्या काचेवर कुणी मूठमूठभर खडे मारावेत तसा आवाज सुरू झाला. साहेबांनी पडदे ओढून घ्यायला सांगितले. भावाचा फोन दिवसभर कुणी उचलला नाही. पेपरवाला एकही फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पहिल्या बसने गेल्या. फाटकातून आत पाहिलं तर रोपवाटिकेत नुसत्या काड्या उभ्या होत्या. भिंतीशी जाळ्या व्यवस्थित घड्या घालून ठेवलेल्या होत्या. वहिनी मेलेले टोळ झाडून ढीग करत होती. भाऊ शेजारच्या बागवाल्याबरोबर उभा होता.

"ये, ताई," तो म्हणाला. "रेडिओवर सांगितलं स्थलांतर सुरू झालं. म्हटलं, निघाले एकदाचे. जाळ्या काढून टाकल्या. रोपांना जरा वारा लागू दे म्हटलं."

"याचं ऐकून मीही काढल्या," बागवाला म्हणाला. "हा म्हणाला, ताईचं पत्रक कधी चुकत नाही. कोण गाढव बसलंय हो तिथं, असलं लिहायला?"

"साहेबलोक, दुसरं कोण!" भाऊ घाईने म्हणाला. "सगळं वरून येतं. ताईच्या हातात काय आहे?"

भावाने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. बाईंना नुसती मान हलवायची होती. शब्द साहेबांचाच होता, खोटं काहीच नव्हतं. बाईंना स्वतःची किळस आली.

"माझ्या हातात होतं," त्या म्हणाल्या. "लोक काय समजतील ते मला दिसत होतं. तरी तसंच पाठवलं."

"का?" भावाने विचारलं.

"साहेबाची फजिती बघायची होती."

वहिनीचा झाडू थांबला. बागवाल्याने बाईंकडे असं पाहिलं की आजवर त्यांच्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. मग तो खाली थुंकला आणि आपल्या बागेकडे निघून गेला.

भाऊ पहिल्या रांगेपाशी उकिडवा बसला आणि काडीची साल नखाने खरवडून आत अजून हिरवं आहे का ते बघू लागला. एक काडी त्याने उपटून मागे टाकली, दुसरी ठेवली, तिसरी उपटली. बाई पर्स खाली मातीत ठेवून दुसऱ्या रांगेशी बसल्या आणि त्याचं पाहून खरवडायला लागल्या. त्यांना हे काम येत नव्हतं.

"नख हलकं लाव," भाऊ मान वर न करता म्हणाला. "आहे तेवढी तरी राहू दे."