सहाव्या चित्रातली गच्ची

दोऱ्याच्या टोकाला बांधलेला पितळी नट डोलायचा थांबला की मगच बटण दाबायचं—हा रहीमोचा नियम होता, आणि आज सकाळी तो नट काही केल्या थांबत नव्हता. गच्चीवर वारा नव्हता. हात तर तिचे कधी थरथरत नाहीत... पासपोर्टच्या फोटोसाठी रडणाऱ्या तान्ह्या पोरांना सरळ बघायला लावणारी बाई ती, तिचे हात कशाला थरथरतील? नट डोलत होता तो आपल्या मर्जीनं. थांबेल, तिनं स्वतःला बजावलं, आणि तो थांबला. फरशीवर खडूनं काढलेल्या फुलीच्या नेमका वर, बोटभर अंतरावर.

कॅमेरा तळहातात मावेल एवढाच. भिंगाच्या नळीला रबर, रबराला दोरा, दोऱ्याला नट—संपला सरंजाम. गावातले बाकीचे फोटोवाले तिपाया आणि हातभर लांब भिंगं घेऊन कबरस्तानाच्या वरच्या टेकडीवर चढतात आणि तिथून आपलं हे तेतुआन गाव टिपतात: डोंगराच्या उतारावर सांडलेली साखर. कॅलेंडरवर तीच साखर, बँकेत तीच, न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर तीच. लांबूनच टिपणार, दुसरं काय करतील? जुन्या गावातल्या गच्च्या बायकांच्या. गवंडी असो, डिश बसवणारा असो, नाहीतर खुद्द घरचा धनी असो, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून त्यानं ओरडायचं—"वाट द्या गं!"—आणि आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवरच्या बाया आत होईपर्यंत तिथंच ताटकळत राहायचं. रहीमोला ओरडावं लागत नव्हतं. हा तिचा हुकमाचा पत्ता होता, आणि संस्कृतिभवनाच्या साहेबासमोर, सी मुफद्दलसमोर, तिनं तो जरा जोरातच आपटला होता. "सी मुफद्दल, तुम्ही लोकांनी आजवर गावाची पाठ दाखवलीत. मी तोंड दाखवते." तो हसला होता. म्हणाला, "दाखव की. प्रदर्शनात भवनाच्या दारातली चार मीटरची भिंत तुझी. पण शुक्रवारी सकाळी चित्र हातात पाहिजे." उद्या शुक्रवार.

एक. डावीकडे गोर्गेस डोंगराची धार, अजून निळसर. पहिल्या चित्रावर उजेडाचं माप बांधून टाकायचं, म्हणजे पुढच्या तेरांमध्ये आकाश ठिगळासारखं दिसत नाही. दोन. प्रत्येक चित्रानं आधीच्याचा तिसरा हिस्सा पुन्हा घ्यायचा—जोडायला माया सोडावी लागते, हे ती भरतकामाच्या वर्गातच शिकली होती. तीन. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा आपल्याभोवती फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. मधे तो. आपण बाजूला. चार... पाच. गच्च्या रिकाम्या होत्या, तेच तिला हवं होतं. ही वेळच तशी. सगळ्या बाया खाली परातीत हात घालून पावाचं पीठ मळत असतात, भट्टीवर पाठवायची गडबड असते. कुणाचा चेहरा येणार नाही, असा शब्द तिनं गल्लीतल्या प्रत्येकीला दिला होता. सहा. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं—चादर असेल. नट. फुली. सात.

चौदा झाल्यावर खाली उतरली तेव्हा फामामावशी पिठाच्या हातांनी दारात उभी होती. "झालं का गं? का गच्चीपण उचलून नेतेस?"

"ठेवलीय तुला थोडी," रहीमो म्हणाली आणि बाहेर पडली. अंगात नुसती वीज खेळत होती. काम चांगलं झालं की ते आधी पायांना कळतं.

गल्लीत लल्ला खदूज भेटली, मावशीच्या पलीकडे एक घर सोडून राहणारी. डोक्यावर कडू संत्र्याच्या फुलांची टोपली. अर्क काढायचे दिवस होते, सगळी गल्ली घमघमत होती. तिनं टोपली उतरवली म्हणजे आता सुटका नाही.

"रहीमो, अगं आमची बतूल—"

"स्पेनमध्ये आहे. माहितीय लल्ला. काल सांगितलंत. परवापण."

"मग आजपण ऐक. फोन आला होता. म्हणे स्ट्रॉबेऱ्या एवढाल्या!" तिनं मूठ वळून दाखवली. "येताना फ्रीज आणणारेय. दोन दारांचा."

"दोन दारांचा तुमच्या जिन्यातून चढणार कसा?"

"भिंत फोडू!" बतूलची सासू म्हणाली आणि एवढी मोकळी हसली की रहीमोलाही हसावंच लागलं.

...बतूल. फेब्रुवारीत स्टुडिओबाहेर बायकांची रांग लागली होती, स्ट्रॉबेरी खुडायला स्पेनला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला फोटो हवा. त्या रांगेत बतूलही होती. भरतकामाच्या वर्गात दोघी शेजारी बसायच्या. बतूलचा टाका वाकडा, हसू मात्र सगळ्या वर्गाला पुरेल एवढं. स्टुलावर बसल्याबसल्या तिला हसू फुटलं. हसू नकोस, रहीमोनं दटावलं होतं, हसलेला फोटो परत पाठवतात. मग बतूलनं ओठ असे मिटले की फोटोत कुणी दुसरीच आली. तो फोटो मंजूर झाला, बतूल गेली, लल्ला खदूजनं सगळ्या गल्लीला मिठाई वाटली. रहीमोनं दोन तुकडे खाल्ले होते.

दुपारपर्यंत स्टुडिओतल्या संगणकावर चौदा चित्रांचं एक झालं. डोंगरापासून डोंगरापर्यंत शहर, पण आतून: दोऱ्या, टाक्या, कुंड्या, मिनार, वाळत घातलेल्या चादरी, एकमेकींना खेटून बसलेल्या पांढऱ्या गच्च्या. सांधा कुठंच दिसत नव्हता. रहीमोला आपल्या कामात सांधा शोधायला मनापासून आवडायचं, कारण तो सापडायचा नाही. ती डावीकडून सरकत सरकत आली... आणि एका गच्चीवर थांबली.

कठड्यावर दोन्ही हात टेकून एक बाई उभी होती. डोक्याला काही नाही. एका पायावर सगळा भार, दुसरा पाय सैल—वर्गात फळ्यासमोर उभी केली की अशीच उभी राहायची. चेहरा उन्हाकडे. ती हसत नव्हती, पण ओठ मिटलेलेही नव्हते. गच्ची लल्ला खदूजची होती.

स्पेनमध्ये आहे. दोन दारांचा फ्रीज.

केव्हा परत आली, का आली, तिकडे काय झालं... रहीमोला काहीच माहीत नव्हतं. एवढं मात्र लख्ख कळलं की मिठाई वाटून झालेल्या घरात ती परत आली आणि घरानं तिला लोकांपासून लपवून आत ठेवलं. आणि दिवसातून एकदाच, सगळ्या बाया पिठात असतात त्या वेळी, ती वर येते. कारण त्या वेळी गच्चीवर कुणी नसतं. रहीमोनं निवडलेली वेळ तीच, आणि त्याच कारणासाठी.

दार ढकलून सी मुफद्दल आत आला आणि पडद्याकडे बघून त्यानं टोपीच काढली. "अरे वा... रहीमो! आणि ही कोण? छे, सांगू नकोस. हीच पाहिजे. हिच्यामुळं शहरात कुणी राहतंय असं वाटतं, नाहीतर नुसती घरं."

"चुकून आलीय."

"मग अशा चुका रोज कर," तो म्हणाला. "सकाळी आठला माणूस पाठवतो."

तो गेला. तिला राग आला होता, कारण तो खरं बोलला होता. त्या एका बाईनं चार मीटर शहर पेलून धरलं होतं. आणि उद्या भवनाच्या दारात लागलं की सगळं गाव तिच्यासमोरून जाणार, लल्ला खदूजही जाणार, नवे कपडे घालून... पण यात अडचण अशी काहीच नव्हती. ती गच्ची सातव्या चित्रातही होती ना! माया सोडलेली होती. रहीमोनं सातवं उघडलं: गच्ची रिकामी. सांधा बोटभर डावीकडे सरकवला की बतूल नाही. दोन मिनिटांचं काम. तिनं केलंही. वेगळ्या नावानं साठवलं. बघ, म्हटलं ना. रहीमोच्या हातात आलेलं काम फसत नाही.

मग सवयीनं तिनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. रिकाम्या गच्चीच्या कठड्यावर चार बोटं होती.

कठड्यामागं बसलेल्या बाईची चार बोटं. वर राहिलेली, घाईत विसरलेली. म्हणजे बतूलनं पाहिलं होतं... आणि गवंड्याला बघून बसावं तशी ती मला बघून खाली बसली. मला! जिच्या शेजारी बसून तिनं आपले वाकडे टाके उसवले त्या मला. रहीमोचा चेहरा तापला. गवंडी निदान ओरडतो तरी. मी बाई म्हणून ओरडले नाही, आणि बाई म्हणून बघितलंही नाही. मी नट बघत होते. सगळ्या जन्माला पुरेल एवढं रहीमो बतूलला ओळखत होती, आणि बतूलच्या जागी तिनं चादर पाहिली होती. बोटं पुसायला एक मिनिट लागलं असतं. रहीमोनं हात उचलून मांडीवर ठेवला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ती मावशीच्या जिन्यानं वर गेली. कॅमेरा स्टुडिओतच ठेवला होता. रिकामा हात तिला परक्याचा वाटत होता. शेवटच्या पायरीवर, जिथं आजवर ती कधी थांबली नव्हती, तिथं थांबली. इथं अंधारलेलं असतं, चुन्याचा वास येतो, आणि डोक्यावर आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो. पुरुषांना गाव इथून एवढंच दिसत असणार.

"वाट द्या गं!"

आवाज घोगरा निघाला.

"कोण पुरुष चढलाय वर?" खालून मावशी.

"मीच आहे."

"मग ओरडतेस कशाला, मेले?"

संगणकावर दोन्ही चित्रं तयार होती, एक बतूल असलेलं, एक नसलेलं. बतूल म्हणेल ते जाईल. काहीच नको म्हणाली तर भिंत कोरी राहील आणि सी मुफद्दलसमोर रहीमोचं नाक कापलं जाईल. हे तिनं स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं. आणि ती बाहेर येणारच नाही, असंही होईल. ही हाक तर ऐकणारीनं आत जावं म्हणूनच असते.

पलीकडच्या गच्चीवर कुठंतरी कडी वाजली. लागली की निघाली, ते इथून कळत नव्हतं.

ती थांबली. अजून नाही, एवढ्यात नाही. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि वर जायची परवानगी मिळेपर्यंत वाट बघायची कशी, ते शिकायला सुरुवात केली.