पाव किलो कारली

आमच्या घरी भांडण झालं की बायको बोलायची नाही, कारली करायची. सलग तीन दिवस. कधी चकत्या, कधी भरलेली, कधी नुसती परतून. मी ती निमूटपणे गिळायची, हा बेचाळीस वर्षांचा करार. चौथ्या दिवशी ताटात भेंडी दिसली की राग गेला असं समजायचं. मग तीही "अहो, मीठ बरोबर आहे ना?" म्हणून तोंड उघडायची. घरात पाहुणे असले तरी या वेळापत्रकात बदल होत नसे.

शेवटचं भांडण पिशवीवरून झालं. "आज बाजारात चला ना बरोबर, सकाळपासून दंड दुखतोय," ती म्हणाली. मी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "पिशवीच उचलायची तर हमाल कर." ती चप्पल अडकवून निघून गेली. बाजारातल्या मासळीकडच्या पायऱ्यांवर ती कोसळली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर दोन महिने एकच गोष्ट मला खात होती. त्या दिवशी तिने काय घेतलं होतं, कारली की भेंडी? समुद्रापलीकडे राहणारी मुलगी रोज फोनवर विचारते, "बाबा, जेवलात का?" तिला हे कसं सांगणार? म्हातारा चळला म्हणेल.

शेवटी एका सकाळी उठलो आणि गेलो. बाजार घरापासून दहा मिनिटांवर, पण माझं पाऊल आत कधी पडलं नव्हतं. भलं मोठं पत्र्याचं छप्पर, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले लोखंडी खांब, पायाखाली मासळीच्या बर्फाचं पाणी. पलीकडच्या दारातून धक्का दिसत होता आणि सुटणाऱ्या बोटीचा भोंगा आत घुमत होता. सगळे एकमेकांना ओळखत होते. मी तेवढा वाट चुकलेल्या गिऱ्हाइकासारखा मध्ये उभा.

तिसऱ्या खांबापाशी तिची भाजीवाली बसायची, एवढं मला ऐकून माहीत होतं. खांबाला आकडे ठोकलेले होते. नेहमीच्या बायका त्यावर पिशवी अडकवून मासळीकडे जायच्या, परत येईपर्यंत भाजीवाली ती भरून ठेवायची. शेवटच्या आकड्यावरची पिशवी मी लांबूनच ओळखली. माझ्याच जुन्या खाकी पँटची होती ती.

"तुम्ही भेंडीकाका ना?" मला पिशवीपाशी थांबलेला पाहून भाजीवालीने विचारलं.

"कोण?"

"काकूंच्या बोलण्यावरून मीच ठेवलं हे नाव. एकेका भेंडीचा शेंडा मोडून बघायच्या. घरी जून चालत नाही म्हणून अर्धा अर्धा तास माझं डोकं खायच्या."

मला हसू आलं. मग मी विचारलं, "त्या दिवशी तिने काय घेतलं होतं?"

भाजीवालीने आधी कोथिंबिरीवर पाणी मारलं. मग म्हणाली, "भेंडीच. पाव किलो. एकदम कोवळी."

"नक्की?"

"मी कशाला खोटं बोलू, काका?"

दोन महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तिथूनच घरी वळलो असतो तर बरं झालं असतं. पण मी बंदराच्या गोदामात तपासनीस होतो. माल उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही खोड जाता जात नाही. मी पिशवीत हात घातला. तळाच्या शिवणीत एक कारलं अडकलं होतं, वाळून काळं पडलेलं.

भाजीवालीने मान खाली घातली. "बाकीची नासली म्हणून टाकून दिली. हे राहिलं वाटतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं हो."

म्हणजे ती रागातच गेली होती, आणि शिक्षा भोगायची राहून गेली होती. मी म्हटलं, "पाव किलो कारली दे."

पहिल्या दिवशी करपली. दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी बरी झाली. तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिन्ही दिवस निमूटपणे खाल्ली. अवाक्षर काढलं नाही. तसा बोलणार तरी कोणाशी होतो म्हणा. पण ते तीन दिवस घर ओळखीचं वाटलं. ती रुसून आतल्या खोलीत बसल्यावर वाटायचं तसं.

चौथ्या दिवशी खाकी पिशवी घेऊन खांबापाशी गेलो. भाजीवालीने भेंडी निवडूनच ठेवली होती.

"आज चौथा दिवस ना?" ती म्हणाली. "काकूंनी सांगितलं होतं मला तुमचं ते."

मी एक भेंडी उचलून शेंडा मोडला. कट्कन तुटला. भेंडी कोवळी होती, तक्रारीला जागाच नव्हती. ही घरी नेली की राग संपला. राग संपला की आतल्या खोलीत कोणी नाही.

मी भेंडी परत टोपलीत ठेवली.

"कारलीच दे," मी म्हटलं. "अजून राग गेला नाही तिचा."