टेबलाची खोली

घर बांधायला काढलं की घरातल्या माणसांचे दोन प्रकार पडतात. एक निर्णय घेणारे आणि दुसरे 'बघूया' म्हणणारे. या घरात पहिल्या प्रकारात ती होती आणि दुसऱ्या प्रकारात तिचा नवरा. तो इतक्या मनापासून 'बघूया' म्हणायचा की तिने मनातल्या मनात त्याचं नावच बघूया ठेवून टाकलं होतं. फरशीच्या दुकानात हा गृहस्थ राखाडी आणि फिकट राखाडी यांच्यामध्ये अख्खी दुपार उभा राहिला, आणि दुकानदार दिवे मालवायला लागला तेव्हा म्हणाला, "बघूया, घरी जाऊन विचार करू." तिने राखाडीवर बोट ठेवलं, दुकानदाराला "हीच" म्हणून सांगितलं आणि गाडीत जाऊन बसली.

तिचा धंदाच तसा होता. ती शिवणकाम करायची. कोट, झगे, शाळांचे गणवेश, लग्नाचे कपडे. दुसऱ्याचं महागाचं कापड समोर पसरलेलं असताना त्याच्यावर कात्री चालवायला छाती लागते. ती तिच्यात होती, आणि आहे हे तिला चांगलं ठाऊकही होतं. उगाच नम्रपणा करायची तिला सवय नव्हती.

सध्याचं बिऱ्हाड म्हणजे एका जुन्या गोदामाची मागची बाजू. दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत तिचं कापायचं टेबल. टेबल कसलं, मैदानच ते. घरात दुसरं टेबल मावत नव्हतं, त्यामुळे जेवणंही त्याच्यावरच व्हायची. स्वयंपाक झाला की सासूबाईंची हाक यायची, "आवर गं, ताटं वाढायचीत." मग अर्धवट कापलेला कोट टाचण्यांसकट गुंडाळायचा, खडूच्या रेघा पुसल्या जाताना बघायच्या आणि जेवण झालं की टेबल पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. पाहुणे आले की परत तेच. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांना तिथे पसारा दिसायचा आणि हिला काम दिसायचं, एवढाच काय तो फरक. पण तो रोज दोनदा दिसायचा, आणि त्याने ती आतून अगदी विटून गेली होती.

म्हणून नव्या घरात तिची मागणी एकच होती. तिने ती पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवली होती. "मला अशी एक खोली पाहिजे, जिथे टेबल कधीच आवरावं लागणार नाही. आज मारलेली खडूची रेघ उद्या सकाळी तिथेच दिसली पाहिजे. बाकी सगळं घर तुमचं."

"बघूया," नवरा म्हणाला होता, पण त्याचा अर्थ हो असा होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला तेवढं कळतं.

नकाशा काढणाऱ्याने रीतसर नकाशा काढून दिला. रस्त्याच्या बाजूला बैठकीची मोठी खोली, मग बोळ, आणि बोळाच्या पलीकडे एका रांगेत चार खोल्या: सासूबाईंची, यांची दोघांची, स्वयंपाकघर, आणि टोकाला तिची टेबलाची खोली. मांडणी तिला पटली, पण आतली मापं पटली नाहीत. "या माणसाने अंगावर न लावताच बेतलंय," असं म्हणून तिने गळ्यातला टेप काढला आणि सगळं घर नव्याने मापलं. सासूबाईंच्या पलंगाची लांबी घेतली, शिवाय त्याच्या भोवती फिरायला जागा. नवऱ्याची पुस्तकांची कपाटं घेतली, शिवाय त्यांच्यासमोर उभं राहून 'बघूया' म्हणायला जागा. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची ठरवायला तिने सासूबाईंना ताठ उभं केलं आणि कोपरापासून खाली टेप सोडला.

"अगं, मला काय बाही लावतेस काय?" सासूबाई म्हणाल्या.

"हलू नका, आई. कंबर दुखेल अशा ओट्यावर मी तुम्हाला राबवणार नाहीये."

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांना मनातून बरं वाटलं होतं, पण तसं कबूल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

ही सगळी मापं तिने खाकी कागदावर उतरवली आणि मिस्त्रीच्या हातात दिली. मिस्त्री म्हणजे उंचच्या उंच माणूस. कोपऱ्याला गुण्या लावल्याशिवाय तो वीट ठेवू द्यायचा नाही, म्हणून सगळे त्याला काटकोन म्हणायचे. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"ताई, ही आतली मापं ना? अशीच धरू?"

"अशीच धरा. माझं माप चुकत नाही."

काम झपाट्याने चढलं. पाया भरला, जोतं वर आलं, भिंती गुडघ्याला लागल्या, मग कमरेला. ती रोज सकाळी शिवण हातात घेण्याआधी एक चक्कर टाकायची आणि जाता जाता दोनतीन प्रश्न निकालात काढायची. खिडकी इकडे की तिकडे? तिकडे. पायऱ्या रुंद की उंच? रुंद, आई आहेत घरात. नळ कुठे? इथे. काटकोनाला असं गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नव्हतं. एरवी त्याचं निम्मं आयुष्य लोकांची घरगुती भांडणं मिटेपर्यंत विटांवर बसून काढण्यात जायचं.

भिंती छातीला लागल्या त्या दिवशी ती आपल्या खोलीत टेबलाची जागा आखायला गेली. बरोबर सासूबाई होत्या, नवराही होता. तिने जमिनीवर खडूने टेबलाचा चौकोन काढला आणि त्याच्या भोवती चालून पाहिलं. चालताच येईना. एका बाजूने तिरकं होऊन जावं लागत होतं, दुसऱ्या बाजूला तर भिंतच खडूच्या रेघेवर आली होती. तिने पुन्हा मापलं. माप तेच आलं.

"मिस्त्री!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या बांधकामावरची माणसंही वळून बघायला लागली. "माझी खोली कुठे गेली?"

काटकोन आला. त्याने खाकी कागद आणला आणि रांगेतल्या पहिल्या खोलीपासून सगळं तिच्यादेखत मापून दाखवलं. सासूबाईंची खोली कागदाबरहुकूम. झोपायची खोली कागदाबरहुकूम. स्वयंपाकघरही तसंच. "जमीन संपली तिथे बाहेरची भिंत घेतली, ताई. ती काही मला पलीकडच्या माणसाच्या अंगणात घालता येत नाही. उरलं ते तुमच्या खोलीला आलं."

तिने कागद ओढून घेतला. आपलेच आकडे बघता बघता तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

कापड कधी कुणी नेमक्या मापाने कापत नाही. शिलाईत आत जाणारं कापड दोन्ही बाजूंनी सोडूनच कापावं लागतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिच्या डोक्यातून हातात उतरली होती, आता हात विचारतही नसे. सासूबाईंच्या खोलीचं माप घेतलं, हाताने दोन्हीकडे वाढवलं. झोपायच्या खोलीचं घेतलं, वाढवलं. स्वयंपाकघराचंही तेच. सगळ्यांना ऐसपैस झालं आणि शेवटच्या खोलीने त्याची भरपाई केली.

तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. चूक तिची होती, आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायला ती तयार नव्हती. काटकोन आधी गंभीरपणे ऐकत होता. मग त्याला हसू आवरेना.

"अहो ताई, भिंतीला आत दुमडायला कापड नसतं!"

तीही हसली. पण हसून झाल्यावर खोली होती तेवढीच होती.

"आता काय करायचं ते बोला," काटकोन म्हणाला. "उद्या दारांच्या चौकटी बसवायच्यात. तीन भिंती पाडून सरकवायच्या तर आत्ताच सांगा. पण मग माझे गवंडी दुसऱ्या कामावर जातील, आणि ते परत कधी येतील ते माझ्या हातात नाही. नाहीतर टेबल थोडं कापून घ्या."

"टेबल कापणार नाही," ती म्हणाली.

"मग बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्याला लावू की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच मदत करायची होती. "कुणी आलं-गेलं की आवरायचं. आत्ता नाही का आपण करत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काय म्हणाला ते सांगायला नकोच.

ती घरी परत आली. संध्याकाळी एका नवऱ्या मुलाचा कोट कापायचा होता. कापड जेमतेम होतं, त्यामुळे तिने भाग मांडायला घेतले. आधी पाठ, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. कॉलर मधल्या जागेत बसली. शेवटी खिशाची पट्टी हातात राहिली, ती तिने काठाच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवली. खिसा कायम उरलेल्यातूनच निघतो. आणि ती पट्टी हातात असतानाच तिला स्वतःचा भयंकर राग आला. घराच्या कागदावर तिने स्वतःला अगदी इथेच ठेवलं होतं. कुणी ठेवायला लावलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, नवऱ्याने नाही, काटकोनाने तर नाहीच. सगळ्यांची मापं आधी घेतली होती, सगळ्यांना सैल केलं होतं, आणि जिच्या कष्टावर निम्मं घर उभं राहत होतं तिला काठाचा तुकडा दिला होता. चूक हाताची खरी, पण रांगेच्या टोकाला कोण उभं राहिलं होतं? ती स्वतःच. आणि हे तिला घरच्यांपुढे मिरवायचं नव्हतं, दुरुस्त करायचं होतं. तिने कोट कापून टाकला, कात्री पुसली आणि शांत झोपली.

सकाळी सगळे बांधकामावर जमले. काटकोन चौकटी भिंतीला टेकवून वाट बघत होता.

"एकही भिंत पाडायची नाही," ती म्हणाली. "रस्त्याकडची मोठी खोली टेबलाची. टोकाची छोटी खोली बैठकीची."

सासूबाईंनी हातातली डब्यांची पिशवी खाली ठेवली. मग एकदम सुरूच झाल्या. "अगं, काय बोलतेस? घरात शिरल्या शिरल्या चिंध्या आणि कातरणं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, 'माझंही माप घ्या.' आई, पाहुणे आपल्याकडे कधीमधी येतात. मी रोज येते. अख्ख्या घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या खोलीत आहे, आणि तो रिकाम्या खुर्च्यांवर पडू द्यायचा?"

"आणि माणसं आली की त्या खुराड्यात बसवायची?" सासूबाई मुलाकडे वळल्या. "तू बोल रे काहीतरी! तुझंही घर आहे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. काटकोन तर सवयीने विटांवर बसायच्या बेतात होता. नवरा टोकाच्या छोट्या खोलीत गेला. तिथे एक घमेलं पडलं होतं, ते त्याने पालथं घातलं, त्याच्यावर बसला आणि पाय लांब केले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"मी मावतो," त्याने आतून सांगितलं. "पाहुणेही मावतील. फार वेळ थांबणार नाहीत, एवढंच." मग म्हणाला, "ते तर उलट बरंच आहे. मिस्त्री, टेबल मोठ्या खोलीत."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मापं घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण या माणसाचं माप तिने जरा कमीच घेतलं होतं.

"मग टेबल आत्ताच आणा," काटकोन म्हणाला. "पाय ठोकलेले आहेत ना त्याचे? एकदा चौकट बसली आणि भिंती वर गेल्या की ते या दारातून येत नाही. छत पडेपर्यंत वर ताडपत्री टाकू, तोवर तुम्ही जमिनीवर कापा."

गोदामाचं दार टेम्पो जाईल एवढं रुंद होतं, त्यामुळे टेबल तिथून सुखरूप निघालं. नव्या घरात ते चार गवंड्यांनी छातीएवढ्या भिंतीवरून उचलून आत घेतलं. "सांभाळून" हा शब्द त्या दिवशी तिने जितक्या वेळा वापरला तितका जन्मात वापरला नसेल. खोलीच्या मधोमध टेबल टेकलं. ती त्याच्या भोवती एक पूर्ण फेरी चालली, कुठेही तिरकी न होता. काटकोनाने लगेच चौकट उभी केली आणि ओळंबा सोडून बघितला.

आता सासूबाईंनी चौकटीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "उद्या घरात काही कार्य निघालं, तर हे बाहेर काढायचं कसं?"

"निघणार नाही, आई."

"म्हणजे कधीच नाही?"

"कधीच नाही."

तिने पुढच्या वाक्याची तयारी ठेवली होती. तिच्याकडे उत्तरं भरपूर होती. पण ती वापरायची वेळच आली नाही. सासूबाई बोळात गेल्या, पिशवीतून सगळ्यांचे डबे काढले आणि एकेक करून मुलाच्या हातात दिले. दुपार झाली होती, सगळ्यांनाच भूक लागली होती. त्याने आपला इतक्या वर्षांच्या सवयीने पहिला डबा टेबलावर ठेवला.

"अरे, तिथे नको!" सासूबाई खेकसल्या. "तेलाचा डाग पडला की लोकांच्या कपड्यांना लागेल. उचल आधी."

त्याने डबा उचलला. सासूबाईंनी पदराने ती जागा पुसली, नीट पुसली गेली की नाही ते वाकून पाहिलं आणि विटांच्या ढिगावर आपल्या शेजारी सुनेला जागा करून दिली. सगळे तिथेच बसून जेवले. टेबल पलीकडे मोकळं उभं होतं, आणि ते आवरायला कुणीही सांगितलं नाही.