शिवप्रियाचं पूर्ण नाव

मित्रांनो, परंड्याच्या कोर्टासमोर लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या टेबलावर एक काळं, जड यंत्र दिसलं तर त्याला भंगार समजू नका. तो मी, जुना मराठी टाइपरायटर. वयाची चाळिशी मी कधीच ओलांडली. पण माझं एकही अक्षर अजून गळालेलं नाही, हे जरा ऐटीतच सांगतो.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. आगगाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून एसटीच्या टपावर बसून मी परंड्यात आलो. गफारभाईंनी मला घेतलं तेव्हा त्यांच्या दाढीत एकही पांढरा केस नव्हता. अर्ज, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, सगळं आम्ही दोघांनी मिळून टंकलं. वकील माझ्या अक्षराचं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो. मग समोर कॉम्प्युटरची दुकानं झाली. माझ्यावर धूळ बसू लागली, लिंबोळ्या पडू लागल्या. एका कावळ्यानं तर माझ्या रुळावर नको तेच केलं. फार वाईट वाटलं हो! गफारभाई मात्र रोज फडक्यानं मला पुसत राहिले. आता वीज गेली की लोकांना आमची आठवण येते आणि परंड्यात वीज जातेच.

अशाच एका दुपारी सोनारीचा टेम्पोवाला कृष्णराज गरड आला. सोबत त्याचे चुलते आण्णासाहेब होते आणि त्याची वकील उम्मेहानी, म्हणजे गफारभाईंचीच लेक. कृष्णराजची बायको सोनाली परंड्यात माहेरी राहत होती. चार वर्षांच्या शिवप्रियासाठी तिनं कोर्टात पोटगी मागितली होती. त्या अर्जाला उत्तर द्यायचं होतं. कृष्णराजच्या खिशात एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता. मुलगी त्याच्या रक्ताची नाही, असं त्यात लिहिलं होतं. सोनालीनंही ते नाकारलं नव्हतं.

"लिवा गफारभाई," आण्णासाहेब म्हणाले, "ही पोरगी आमची न्हाय. एक पैसा देणार न्हाय."

उम्मेहानी शांतपणे म्हणाली, "काका, रिपोर्टानं रक्त कळतं. पण लग्न टिकून असताना मूल जन्मलं तर कायदा नवऱ्यालाच बाप धरतो. त्या दिवसांत नवरा-बायकोची गाठ पडणंच शक्य नव्हतं, असं दाखवता येईल का?"

"कसं दाखवणार ताई? एकाच घरात हुतो," कृष्णराज पुटपुटला.

"तरी लिवा! लढू की!" आण्णासाहेब गरजले.

गफारभाईंनी माझ्यात कोर्टाचा हिरवा कागद चढवला. आधी सोनालीचं नाव उमटलं. मग बोटं थांबली. "पोरीचं नाव सांगा. पूर्ण सांगा."

"शिवप्रिया कृष्णराज गरड," कृष्णराज सवयीनं बोलून गेला.

"तुझं नाव कशाला घालतो येड्या? तेच तर काढायचंय!" आण्णासाहेब कडाडले.

"बरं," गफारभाई म्हणाले. "मग मधी काय टाकू?"

मित्रांनो, आपल्याकडं मुलाच्या नावामागं बापाचं नाव चालतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती जागा आता कशानं भरायची? कृष्णराजनं सोनालीच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. मग त्याचे डोळे भरून आले.

"टेम्पोत बसवून म्याच शिकवलंय तिला. बालवाडीत बाईनं विचारलं की एका दमात सांगती. आता तिला काय सांगू? मधलं इसर म्हणू?" त्यानं तोंड पुसलं. "सोनालीचा राग हाय मला. लई हाय. पर ह्यात त्या लेकराचं काय चुकलं? कागद काढा गफारभाई. पोटगी देतो म्या. निस्तं मला तिला भेटू द्या."

"लोक शेण घालतील तोंडात!" असं म्हणत आण्णासाहेब पाय आपटत निघून गेले. गेले तर गेले.

मग उम्मेहानीनं सोनालीला निरोप धाडला. ती लेकीला घेऊन आली. नवरा-बायको एकमेकांकडं बघत नव्हते. त्यांचा संसार पुन्हा जुळेल का, मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी त्यांची तडजोड टंकली. दरमहा पोटगी, दर रविवारी भेट, आणि यापुढं मुलीचा बाप कोण यावर वाद काढायचा नाही. कोर्टात दाखल करायच्या त्या कागदावर सही करताना सोनाली हळूच म्हणाली, "मला वाटलं हुतं, तुमी तिला टाकणार." लेक केव्हाची कृष्णराजच्या पायाला बिलगली होती. त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. मला कधीमधी थोडं तेल घाला, पावसात झाकून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि उद्या मोठे झाल्यावर तुमच्या भांडणात एखाद्या लेकराचं नाव कागदावर आलं, तर आधी त्या लेकराचं तोंड आठवा. खोडायची कळ देवाच्या दयेनं माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ असली, तरी त्या नावावर ती दाबू नका.