झेबुलनमामाच्या कोटावरचा डाग

माझे नातू पाहुण्यांना आमचं जेवणाचं टेबल दाखवतात. एकाच फळीचं, एकतीस इंच रुंद. "आमच्या पणजोबांनी राजाच्या नाकावर टिच्चून हे झाड पाडलं," असं छाती फुगवून सांगतात. खोटं नाही ते. पण टेबल म्हटलं की मला आधी झेबुलनमामाचा तपकिरी कोट आठवतो.

तेव्हा अमेरिकेत इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं आणि न्यू हॅम्पशरच्या डोंगरातले सगळे मोठे पाइन राजाचे असत. आरमाराला डोलकाठ्या लागत. बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाण काढला की झाड राजाचं झालं. आम्ही त्या खुणेला कावळ्याचा पाय म्हणायचो. असं झाड पाडणाऱ्याला तुरुंग ठरलेला. हे घाव घालायचं काम आईच्या चुलतभावाकडे, झेबुलनमामाकडे होतं. त्यामुळे गावात त्याच्याशी कोणी धड बोलत नसे.

आम्ही सात भावंडं दोन पंगतींत जेवायचो. सगळ्यांना एकदम बसलेलं बघायचं, एवढी एकच हौस आईला होती. तिच्यासाठी बाबांनी राजाची खूण असलेलं एक झाड पाडलं. गावातल्या कॅलेबच्या लाकूड कापायच्या गिरणीत बाकी फळ्या बावीस इंच रुंदीच्या कापून आणल्या, कारण तेवीसच्या वरची फळी सापडली की चौकशी व्हायची. टेबलाची फळी तेवढी अखंड ठेवली आणि गवताखाली लपवली.

पण बाबा वाकडा खिळा ठोकून सरळ करून वापरणारे. सालीकडची फळकुटं फेकायला त्यांचा जीव होईना. त्यांची त्यांनी डुकरांच्या कोंडवाड्याला भिंत केली. साल बाहेरच्या बाजूला.

जूनमध्ये पोर्ट्समथहून राजाच्या झाडांची तपासणी करणारे साहेब आले. मागे मापाची काठी घेऊन झेबुलनमामा. साहेबांनी घरातली प्रत्येक फळी मोजली.

"तुमच्या गावात झाडं बावीस इंचांवर वाढतच नाहीत वाटतं?"

"थंडी फार असते, साहेब," बाबा म्हणाले. "आखडतात बिचारी."

साहेब हसले नाहीत. ते अंगणात निघाले, तेवढ्यात आईनं खिडकीतून पाहिलं आणि बाबांचा हात घट्ट धरला. "इफ्रेम, डुकरांकडे बघ."

कोंडवाड्याच्या भिंतीवर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, कावळ्याचा पाय स्वच्छ दिसत होता.

मामालाही तो दिसला. खूण त्याच्याच हातची, ओळखायला कितीसा वेळ लागणार? तो सावकाश चालत गेला आणि पाठ टेकून भिंतीपाशी उभा राहिला.

"दमलास का, टॅरंट?" साहेबांनी मामाला आडनावानं हाक मारून विचारलं.

"कंबर धरलीय, साहेब. तुम्ही बघा सावकाश."

साहेबांनी गोठा पाहिला, विहीर पाहिली, कोंबड्यासुद्धा हुसकावल्या. ऊन नुसतं भाजत होतं. मामा जागचा हलला नाही. शेवटी साहेब घोड्यावर बसून पुढे गेले, तेव्हा त्यानं पाठ सोडवली आणि चर्रकन आवाज झाला. उन्हानं लाकडातली राळ पाघळली होती. निम्मा कोट तिनं धरून ठेवला होता.

आईनं डुकराची चरबी चोळचोळ चोळली. डाग काही गेला नाही.

"राहू दे, मेही," मामा आईला म्हणाला. "आणि इफ्रेम, पुढच्या वेळी साल आतल्या बाजूला लाव. डुकरं चुगली करत नाहीत."

दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, दक्षिणेकडे आपल्या माणसांची राजाच्या सैन्याशी चकमक झाल्याची बातमी आली आणि गाव संतापानं पेटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रार्थनाघरासमोर डांबराची कढई चढली. कुणीतरी उशी फाडून पिसं आणली. राजाच्या माणसाला गरम डांबर फासून वर पिसं चिकटवायची, ही तेव्हाची शिक्षा. मधोमध झेबुलनमामा, अंगात तोच कोट. बाबा गर्दीत उभे होते. ते पाऊल पुढे टाकेनात. सगळे त्यांचेच शेजारी.

आई माझा हात सोडून सरळ पुढे गेली.

"बाजूला हो, मेहिटेबल," कॅलेब गिरणीवाला ओरडला. "राजाचं कुत्रं आहे हे!"

आईनं मामाला खांद्यांना धरून पाठमोरं केलं.

"हे बघ. आमच्या घरचं डांबर याच्या पाठीला आधीच लागलंय. तुमचं कशाला वाया घालवता?" आणि तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी हा वीतभर सरकला असता तर इफ्रेम तुरुंगात गेला असता. फळ्या कुणी कापल्या हेही त्यांनी विचारलं असतंच, कॅलेब. तू शेजारच्या कोठडीत असतास."

मागे कुणीतरी फसकन हसलं. कॅलेबनं हातातला कुंचा कढईत टाकला आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

तरी मामाला गावात राहणं शक्य नव्हतं. त्याच आठवड्यात तो उत्तरेकडे, राजाच्या बाजूच्या हॅलिफॅक्सला निघाला. जाण्याआधी आमच्याकडे जेवला. लपवलेल्या फळीच्या त्या टेबलाशी आम्ही सातही जण बसलो, आई, बाबा आणि तो, तरी कोपर कोपराला लागलं नाही. ताटलीतले घेवड्याचे दाणे संपवून त्यानं फळीवरून तळवा फिरवला.

"मीच खूण केली होती याच्यावर," तो म्हणाला. "चांगलं झाड होतं. समुद्रात नुसतं भिजत राहिलं असतं."