एका दाबात दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुने जोडपेडल आहे. नाव ऐकले नसेल, पण माझा आवाज तुमच्या छातीत कधीतरी नक्की बसला असेल. हेवी मेटल रॉकच्या गाण्यात तळाचा मोठा ड्रम गारपिटीसारखा वाजतो ना, ते काम माझे. दोन पायांखाली दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी एक सळई आणि वर दोन हातोडे. पट्टी दाबली की हातोडा ड्रमवर आदळतो आणि स्प्रिंग त्याला मागे ओढते.

कारखान्यात एका बाईने माझी साखळी बसवली, दोन्ही पट्ट्या अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "लोण्यासारखं चालतंय." माझ्या आयुष्यातले ते सर्वांत निखळ कौतुक.

मला मास्तरांनी नेले. फरश्यांच्या गोदामावरची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, तिथे त्यांचा क्लास भरे. मास्तर एका नावाजलेल्या बँडचे ड्रमर. त्यांच्या पायांच्या वेगाने भलेभले तोंडात बोटे घालत. पण ते पाय कुणी पाहिलेले नव्हते. मंचावर ड्रमच्या आड ते दिसत नसत आणि क्लासमध्ये स्वतः वाजवायची वेळ आली की मास्तर म्हणत, "जा रे, खाली चहा पिऊन या. मला एकांत लागतो."

दार लागले की ते माझी स्प्रिंग सैल करत. मग पाय उचलायचे नाहीतच. टाच आपटायची, एक ठोका. तोच पाय पुढे कलला की पंजा पडायचा, दुसरा ठोका. एका दाबात दोन. मांडी स्वस्थ, घोटा हलका, आणि वेग दुप्पट. एवढेच गुपित होते. ते फक्त मास्तरांना आणि मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

एके दिवशी एक न्हावी शिकायला आला. वय तिशीचे. दिवसभर दुकानात उभे राहून कात्री चालवायची आणि संध्याकाळी एकोणीस पायऱ्या चढून क्लासला यायचे. त्याचे हात पाहून मास्तर दचकले. बाकीचे सगळे मनगटाने काठी बडवत. हा काठी नुसती सोडून द्यायचा. ती आपसूक उसळायची आणि मागची तीन बोटे तिला पुन्हा खाली ढकलायची. कात्रीने शिकवलेली बोटे ती! दीड महिन्यात त्याचे हात मास्तरांच्या बरोबरीला आले.

"हात देवानं दिलेत तुला," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पण पाय कुठल्या गाढवाकडून मागून आणलेस?"

पोरे हसली. न्हावीही हसला.

त्या दिवसापासून त्याची पाळी आली की मास्तर आधी खाली वाकत आणि माझ्या दोन्ही स्प्रिंगा शेवटच्या आट्यापर्यंत आवळत. एरवी लोण्यासारखा चालणारा मी दगड होई. "मांडीपासून पाय उचल. टाच टेकवायची नाही. दुखलं पाहिजे! दुखत नाही तो शिकत नाही."

आठ महिने हे चालले. मित्रांनो, त्या पायाला मागे ढकलणारा मीच होतो, हे लपवून काय उपयोग? रोज त्याचा पाय माझ्यावर आदळायचा आणि रोज मी जड होऊन तो झिडकारायचो.

एकदा तो घाबरत म्हणाला, "मास्तर, नडगीत कळ येतेय. पाय खाली टेकवत नाही रात्रीचा."

"मग कात्रीच चालव. तिला पाय लागत नाहीत."

तो पुन्हा बसला.

मग बँडला जोडीला दुसरा ड्रमर हवा झाला. बँडमधली गिटार वाजवणारी बाई स्वतः परीक्षा घ्यायला आली. न्हाव्याने हात चालवले तशी ती खुर्चीतून पुढे सरकली. मास्तरांचा चेहरा काळवंडला. ते शांतपणे म्हणाले, "आता पाय. पूर्ण गाणं, न थांबता."

चौथ्या मिनिटाला उजव्या नडगीत कट्कन आवाज झाला. ड्रमच्या गदारोळात तो फक्त मला ऐकू आला. न्हावी स्टूलवरून कोसळला.

"सांगितलं होतं मी," मास्तर बाईला म्हणाले. "हात आहेत, दम नाही." आणि त्याला उचलून खाली नेत असताना त्यांनी मला त्याच्या मांडीवर टाकले. "घे. आठवण म्हणून ठेव. मी नवीन घेतलंय."

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो महिनाभर घरात पडून होता. एका दुपारी त्याची बायको मला पुसायला बसली. पुसता पुसता थांबली.

"अहो, हे बघा. पुढचा रंग पंजानं उडालाय, ते कळलं. पण हा मागं खड्डा पडलाय तो कशानं? तुम्हाला तर टाच टेकवू देत नव्हते ना?"

त्याने मला छातीवर घेतले. बराच वेळ तो खड्डा चाचपत राहिला. मग नाण्याने स्प्रिंग सैल केली, तळहाताची मनगटाकडची बाजू पट्टीवर आपटली आणि बोटे पुढे पाडली. ठक्-ठक्. पुन्हा. ठक्-ठक्.

"आठ महिने," तो म्हणाला. बायकोने तोंडाला पदर लावला होता.

हाड जुळले, पण घोटा आखडला तो आखडलाच. टाचेवरून पंजावर कलणे त्या पायाला आता जमणार नव्हते. रहस्य हाती आले आणि पाय गेला.

तरीही काठी टेकत, मला पिशवीत घेऊन तो क्लासला गेला. अकरा विद्यार्थ्यांसमोर जमिनीवर बसला आणि हाताने त्यांना सगळे दाखवले. "यांनी आपल्याला फसवलंय," तो म्हणाला. "मुद्दाम."

एक मुलगी लगेच ड्रमवर बसली. टाच, पंजा. टाच, पंजा. खोलीभर गारा पडल्या. सगळ्यांचे डोळे चमकले.

मास्तरांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. "हे मी पुढच्या महिन्यात घेणारच होतो," ते म्हणाले. "बरं झालं, वेळ वाचला. चला, मेट्रोनोम लावा."

तालाचे ते यंत्र टिकटिकू लागले आणि सगळे बसले! कुणी त्याच्या पायाविषयी विचारले नाही. मास्तरांकडे बँड होता, मंच होता. न्हाव्याकडे काय होते? तो पायऱ्यांवरून बसत बसत उतरू लागला, तेव्हा वरून कुणीतरी ओरडले, "दार ओढून घ्या हो, आवाज बाहेर जातो."

आता मी त्याच्या दुकानाच्या दाराला टेकण म्हणून असतो. साखळी गंजली आहे, एक हातोडा गळून पडला आहे. गिऱ्हाइके माझ्यावर बुटांचा चिखल पुसतात. गेल्या आठवड्यात बायकोने विचारले, "कुणाला देऊन टाकायचं का हे? एखादं पोर शिकेल."

"कुणाकडे शिकेल?" असे म्हणून त्याने वस्तरा परजला आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी थोडे तेल मागतात. मी ते मागत नाही, मला ते शोभणार नाही. एवढेच सांगतो. जो शिकवतो त्याला आधी वाजवायला सांगा, आणि जमिनीवर बसून त्याचे पाय बघा. तो चहा प्यायला खाली पाठवू लागला, तर खाली जा आणि तसेच घरी निघून जा.